तीसचा घ्यावा की शंभरचा?

मैत्रिणींनो, भाजी घेताना आपण चार जुड्या उलटसुलट करून पाहतो. साडी घेताना पदर उलगडून बघतो. मग घरात इंटरनेट घ्यायची वेळ आली की गप्प का बसतो? ‘त्यातलं आपल्याला काय कळतं!’ असं म्हणून तो विषय घरातल्या पुरुषांवर, नाहीतर प्लॅन विकायला आलेल्या माणसावर सोडून मोकळ्या होतो. बिल मात्र दर महिन्याला घरखर्चातूनच जातं.

आमचं कापडे पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आजूबाजूला डोंगर. मोबाइलची रेंज ओटीवर असते, तर माजघरात नसते. घरोघरची एक-दोन माणसं नोकरीसाठी मुंबईला. त्यामुळे व्हिडिओ कॉल ही इथे चैन नाही, आजीला नातवंडाचं तोंड दिसतं ते त्यातच. मुलींचे क्लासचे व्हिडिओ, दुपारी चुकलेली मालिका, शिवणाचे आणि मसाल्याचे व्हिडिओ हे सगळं आता नेटवर. म्हणून बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं संपलं की हल्ली हमखास एक प्रश्न येतो, “ताई, तीसचा घेऊ की शंभरचा?”

हा आकडा असतो एमबीपीएसचा, म्हणजे एका सेकंदात किती मेगाबिट माहिती घरात येते त्याचा. नळाचंच उदाहरण घ्या ना. पाइप जितका रुंद, तितकं पाणी एका वेळी जास्त येणार. पण घरात एकच हंडा भरायचा असेल तर चार इंची पाइप घेऊन करायचंय काय?

आता हंडा केवढा ते पाहू. नेटफ्लिक्स साध्या एचडी चित्रासाठी ३ एमबीपीएस, फुल एचडीसाठी ५ आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस स्पीड असावा असं सांगतं. यूट्यूबचं गणितही जवळपास तसंच आहे. ४८०पी चित्राला १.१, एचडीला २.५, फुल एचडीला ५ आणि फोर-केला २० एमबीपीएस. समोरासमोरचा चांगला व्हिडिओ कॉल सव्वा-दीड एमबीपीएसमध्ये भागतो.

एक कागद घ्या आणि रात्री नऊ वाजताचं तुमचं घर डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर फुल एचडी मालिका, म्हणजे ५. लेक अभ्यासाचा व्हिडिओ बघतेय, ३. सासूबाई मुंबईच्या दिरांशी बोलताहेत, दीड. मुलगा मोबाइलवर क्रिकेटचे तुकडे बघतोय, एक. बेरीज झाली साडेदहा. फोन गुपचूप आपापलं काम करत असतात, त्यासाठी आणखी तितकंच धरा. तरी एकवीसच्या पुढे जात नाही. म्हणजे चार-पाच माणसांच्या घराला तीस एमबीपीएसचा प्लॅन पुरतो. गणपतीत मुंबईची मंडळी आली आणि दहा फोन एकदम सुरू झाले तर थोडी ओढाताण होईल, पण पाच-सात दिवसांसाठी वर्षभर जास्त पैसे कशाला भरायचे? ज्यांच्याकडे मोठा फोर-के टीव्ही आहे, किंवा घरी बसून ऑफिसचं काम करणारं कोणी आहे, त्यांनी पन्नास-शंभरचा विचार जरूर करावा. बत्तीस इंची टीव्ही बहुतेक वेळा साधा एचडीच असतो. त्याला तुम्ही कितीही स्पीड दिला तरी चित्र त्याच्या ऐपतीइतकंच दिसणार!

पैशाचाही हिशेब मांडू. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३९९चा प्लॅन बिलात ४७१ होतो, ६९९चा ८२५. फरक महिन्याला ३५४ रुपये, म्हणजे वर्षाला ४,२४८. गटात महिन्याला शे-दोनशे रुपये टाकताना ओढाताण होणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते इथेही.

‘अनलिमिटेड’ हा शब्दही नीट वाचून घ्या. फायबरच्या प्लॅनमध्येही महिन्याची मर्यादा असते. कित्येक प्लॅनमध्ये ती ३,३०० जीबी असते. ती संपली की स्पीड एकदम खाली येतो. पण घाबरू नका. एचडी चित्राला तासाला जास्तीत जास्त ३ जीबी लागतात, म्हणजे अकराशे तास झाले, आणि अख्ख्या महिन्याचे तासच ७२०! तिथे मर्यादेची भीती नाही. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीचं मात्र उलटं आहे. एचडी लावलंत तर अर्ध्या तासात खलास. नेट मोबाइलवरच असेल तर व्हिडिओची क्वालिटी ४८०पी करून ठेवा. छोट्या पडद्यावर फरक फारसा कळतसुद्धा नाही.

तारेशिवाय, छपरावर यंत्र लावून नेट देणाऱ्या सेवा २०२३पासून आल्या आहेत. जिथे फायबरची तार पोचली नाही तिथे त्या उपयोगी आहेत. पण आमच्यासारख्या डोंगराळ भागात टॉवर समोर दिसतो की मध्ये डोंगर येतो, यावर सगळं अवलंबून. म्हणून आधी स्वतःच्या घरात चाचणी करून दाखवायला सांगा, मगच पैसे द्या. शेजारणीकडे छान चालतं म्हणून आपल्याकडे चालेलच असं नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ‘चाळीसचा प्लॅन घेतला, फोनवर डाऊनलोड होताना पाचच दिसतात, फसवलं मेल्यांनी!’ अशी तक्रार घेऊन बायका येतात. कंपनी सांगते मेगाबिट, फोन दाखवतो मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. चाळीस भागिले आठ, बरोबर पाच. फसवणूक नाही, मापं वेगळी. शेर आणि किलोतला फरक समजा. खरा स्पीड बघायचा तर ट्रायचं ‘मायस्पीड’ अॅप आहे. सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा मोजा. रात्रीचा आकडा हाच खरा, कारण तेव्हा अख्खा गाव नेटवर असतो.

आमच्या गटातल्या एका वहिनींकडे शंभरचा प्लॅन असूनही टीव्हीवर सारखं चक्र फिरायचं. जाऊन पाहिलं तर राउटर लोखंडी कपाटामागे, आणि मध्ये दोन जाड भिंती. तो उचलून घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवला आणि चक्र थांबलं. एक रुपया खर्च नाही! राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपाशी दमते. टीव्ही राउटरच्या खोलीत असेल तर दुसरी निवडा. तार थेट टीव्हीला जोडता आली तर त्याहून उत्तम.

ज्या देशात १५ ऑगस्ट १९९५ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तिथे २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणत. तेवढ्यात आजचा यूट्यूबचा ३६०पी व्हिडिओसुद्धा धड चालणार नाही. २०१३ला ती व्याख्या ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ला २ एमबीपीएस. आकडे वाढले खरे, पण ते वापरणारे हात कोणाचे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष होते ५७ टक्के, बायका फक्त ३३. घरात तार आली म्हणजे ती घरातल्या बाईपर्यंत पोचली असं नव्हे. भावाचा गेम चालू राहावा म्हणून बहिणीला ‘तू नंतर बघ’ म्हटलं जातं, तिथे शंभर एमबीपीएससुद्धा अपुरेच! परीक्षेच्या दिवसांत सात ते नऊ हा वेळ लेकीच्या अभ्यासाचा, असा नियम घरात करा. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि आपल्या भागापुरतं एक. २२ जुलै २०२१ला महाडला पूर आला, तळियेत आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले होते. मुंबईतली माणसं इकडचा आवाज ऐकण्यासाठी तळमळत होती. अशा वेळी स्पीड कामाचा नाही. म्हणून प्लॅन घेताना ‘तार तुटली तर किती दिवसांत जोडता? जोडायला माणूस पोलादपुरातून येतो की दुसरीकडून?’ हे आधी विचारा. लाईट गेल्यावर राउटर दोन-चार तास चालवणारी छोटी बॅटरी मिळते, ती पावसाळ्याआधी घ्या. घरात एक सिम दुसऱ्या कंपनीचं असू द्या.

तर पुढच्या वेळी प्लॅनवाला दारात आला की त्याला चहा द्या, पण सही लगेच देऊ नका. जीएसटी धरून किती? मर्यादा किती आणि ती संपल्यावर स्पीड किती? माहिती वर पाठवायचा स्पीड किती? व्हिडिओ कॉलला तोही लागतो. जोडणीचे, राउटरचे पैसे परत मिळतात का? उत्तरं कागदावर लिहून घ्या. बोललेलं पाळलं नाही तर आधी कंपनीकडे तक्रार करून तिचा नंबर घ्या, आणि तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तो आजच कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.