क्राबीच्या समुद्रातल्या ठिणग्या: समज आणि वस्तुस्थिती

थायलंडच्या क्राबी प्रांतात आओ नांगच्या किनाऱ्यावरून दुपारी लाँगटेल होड्या निघतात. लाकडी नाव, मागे गाडीचं इंजिन, त्याला जोडलेला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. पुढच्या टोकाला रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. त्या शोभेच्या नव्हेत. नावेची राखण करणाऱ्या ‘मे या नांग’ देवतेचा तो मान आहे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. होडी कोह पोडा, कोह काई, कोह तुप अशी बेटं घेते (‘कोह’ म्हणजे बेट), मध्ये स्नॉर्केलिंग होतं, वाळूवर जेवण होतं, सूर्य बुडतो. मग अंधारात एका शांत खाडीशी होडी थांबते आणि माणसं पाण्यात उतरतात. हात हलवला की बोटांभोवती ठिणग्या उडतात.

आणि तरीही परतताना काही जण नाराज असतात. इंटरनेटवर पाहिलेला निळाशार, दिव्यासारखा पेटलेला समुद्र त्यांना दिसलेला नसतो.

हा पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज. ते फोटो बहुतेक वेळा खोटे नसतात, पण ते डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य नसतं. कॅमेऱ्याची झडप दहा, वीस, तीस सेकंद उघडी ठेवली की त्या काळात चमकलेल्या हजारो ठिणग्या एकाच चित्रात साठतात. प्रत्यक्षात एक ठिणगी सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच वेळ टिकते. त्यात मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी जवळपास निकामी असतात. काम करतात त्या दंड पेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. म्हणून कॅमेऱ्याला निळा दिसणारा उजेड डोळ्याला बऱ्याचदा पांढुरका वाटतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एवढ्यात कोणी मोबाइल उघडला की सगळी तयारी पुन्हा पहिल्यापासून. नाराज होऊन परतणाऱ्यांपैकी अनेकांची संध्याकाळ समुद्राने नव्हे, शेजाऱ्याच्या हातातल्या पडद्याने बिघडवलेली असते.

‘क्राबीला गेलं की प्लँक्टन (ठिणग्या उडवणारे सूक्ष्म जीव) दिसतातच’ हा दुसरा समज. सहल रोज निघते, अंधार रोज मिळत नाही. इथे मराठी प्रवाशाच्या घरातच एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. संकष्टीला चंद्रोदय साधारण रात्री नऊच्या सुमारास होतो, हे उपवास करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. पुढे चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीपासून अमावस्येपर्यंत आणि त्यानंतर दोन-तीन दिवस संध्याकाळी सात-आठच्या वेळी आकाश काळोखं असतं. शुक्ल पक्षात त्यापुढे मात्र सूर्य मावळतो तेव्हाच चंद्र वर आलेला असतो आणि दिवसागणिक मोठा होत जातो. भाऊबीज आटोपून निघणारी कुटुंबं नेमकी या वाढत्या चंद्राच्या आठवड्यात पोहोचतात. ठिणग्या तेव्हाही उडतात, पण चांदण्यात फिक्या पडतात. लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे पोहोचणाऱ्यांना काळोख पुरेपूर मिळतो. सहलीच्या माहितीपत्रकात हे क्वचितच लिहिलेलं असतं.

आता त्या ठिणग्यांकडे वळू. ‘समुद्रात फॉस्फरस असतो, तो चमकतो’ हे वाक्य कोकणापासून क्राबीपर्यंत ऐकायला मिळतं. समुद्राच्या या उजेडाशी फॉस्फरसच्या जळण्याचा संबंध नाही. हा सजीवांनी तयार केलेला उजेड आहे, मराठीत त्याला जीवदीप्ती म्हणतात. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि ल्युसिफरेज नावाचं विकर ऑक्सिजनच्या साथीने एकत्र येतात आणि प्रकाश बाहेर पडतो. राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही नावं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिली. भंडारदऱ्याच्या झाडांवर मे-जूनमध्ये लखलखणारे काजवे हीच युक्ती वापरतात, पण त्यांचं ल्युसिफेरिन वेगळं आणि हेतूही वेगळा. काजवा जोडीदाराला खूण करतो. समुद्रातला जीव धक्का बसला की चमकतो.

हे जीव म्हणजे बहुतांशी डायनोफ्लॅजेलेट्स. त्यांना सरसकट ‘छोटे प्राणी’ किंवा ‘शेवाळ’ म्हणणं चूक आहे. ते एकपेशीय आहेत आणि प्राणी-वनस्पती अशा सरळ वाटणीत बसत नाहीत. काही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, काही दुसऱ्यांना खातात, काही दोन्ही करतात. ‘प्लवक’ किंवा प्लँक्टन हे तर कोणत्याही एका जातीचं नाव नाही. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या सगळ्यांचं ते सामायिक नाव आहे. जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सेन यांनी ते 1887 मध्ये रूढ केलं. अगदी मोठी जेलीफिशही प्लवकच.

पाणी हलतं, पेशीच्या पातळ आवरणावर ताण येतो, त्यातून एक विद्युत-संदेश धावतो, पेशीतल्या सूक्ष्म कप्प्यांमध्ये आम्लता वाढते आणि ठिणगी पडते. कशासाठी? सर्वमान्य होत आलेलं एक स्पष्टीकरण ‘चोर आला’ अशी आरोळी ठोकण्यासारखं आहे. प्लवक खायला आलेला बारीक जीव त्या उजेडात उघडा पडतो आणि त्याला खाणारा मोठा मासा सावध होतो. ही शक्ती अमर्याद नसते. एकाच जागी पाणी घुसळत राहिलं तर ठिणग्या कमी होत जातात. बहुतेक जाती दिवसा चमकतही नाहीत. त्यांच्या आत स्वतःचं घड्याळ असतं. वुडलँड हेस्टिंग्ज आणि बिआट्रिस स्वीनी यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलेले डायनोफ्लॅजेलेट्सही दिवस-रात्रीची लय सोडत नाहीत. दुपारी बाटलीत भरलेलं पाणी कोपऱ्यात नेऊन हलवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

क्षितिजापर्यंत एकसारखा, न विझता उजळलेला समुद्रही असतो, पण ती गोष्ट निराळी. त्याला ‘दुधाळ समुद्र’ म्हणतात आणि तो चमकणाऱ्या जिवाणूंचा मानला जातो. जानेवारी 1995 मध्ये ‘लिमा’ या जहाजाने सोमालियाजवळ असा समुद्र पार केला. पुढे उपग्रहाची जुनी चित्रं तपासली तेव्हा तो पट्टा सुमारे 15,400 चौरस किलोमीटरचा निघाला. एका दिवसाच्या सहलीत ते दृश्य कोणी विकत देऊ शकत नाही.

‘चमकतं पाणी विषारी असतं’ आणि ‘अगदी निर्धोक असतं’ ही दोन्ही टोकं टाळायला हवीत. नुसतं पोहल्याने सहसा काही होत नाही. पण काही डायनोफ्लॅजेलेट्स विष तयार करतात. पायरोडिनियम बहामेन्से ही चमकणारी जात आग्नेय आशियात शिंपल्यांमधून होणाऱ्या गंभीर विषबाधेला कारण ठरली आहे. पाणी गिळू नये आणि पाण्याला लाल-तपकिरी रंग, दुर्गंधी असेल तिथे उतरू नये, एवढं पथ्य पुरे. दुसऱ्या बाजूने, माणसाचाही त्या पाण्याला त्रास होतो. प्वेर्तो रिकोतल्या व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे जगातल्या सर्वांत तेजस्वी खाड्यांपैकी एक, आणि तिथे आता पोहायला बंदी आहे. लोक कायाकमधून पाहतात.

रात्रीच्या या जिवांचे भाऊबंद त्याच सहलीत दिवसा भेटलेले असतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कोह काईजवळ मास्क लावून पाण्यात डोकं घातलं की दिसणारं प्रवाळ अनेकांना दगड वाटतं, काहींना झाड. आणि मराठी माणसाला ‘प्रवाळ’ म्हटलं की अंगठीतलं पोवळं आठवतं. पोवळ्याचा लाल खडा प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम या वेगळ्या गटातून येतो. समुद्रात भिंती बांधणारं प्रवाळ म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत, आणि त्यांच्या शरीरात राहून त्यांना अन्न व बराचसा रंग देणारे एकपेशीय जीव डायनोफ्लॅजेलेट्सच आहेत. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त, महिनाभर तापलं की ही भागीदारी तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. ‘पांढरं म्हणजे मेलेलं’ हेही घाईचं. ते उपाशी असतं, पाणी वेळेत निवलं तर सावरू शकतं. 2010 मध्ये अंदमान समुद्रात असं मोठं विरंजन झालं, त्यानंतर थायलंडने काही डाइव्हिंगच्या जागा बंद ठेवल्या. 2024 मध्ये पुन्हा तीच वेळ आली.

प्रवाळावर पाय ठेवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग अपघात. ओबडधोबड गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम 0.3 ते 2 सेंटिमीटर वाढतं. थकल्यावर आधाराला म्हणून टेकवलेला एक पाय दहा-वीस वर्षांची वाढ मोडू शकतो. तुटलेला तुकडा आठवण म्हणून बॅगेत घालणं तर गुन्हाच. थायलंडमध्ये प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे आणि भारतातही ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सनस्क्रीनबद्दल दोन गैरसमज एकमेकांसमोर उभे आहेत. ‘बाटलीवर रीफ सेफ लिहिलंय, म्हणजे झालं’ हा एक. त्या शब्दांची सर्वत्र लागू होणारी कायदेशीर व्याख्या नाही, मागचा मजकूर वाचावा लागतो. ऑगस्ट 2021 मध्ये थायलंडने सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्झेट, 4-मिथिलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेल्या क्रीमवर बंदी घातली. दंड 1 लाख बातपर्यंत. दुसरा गैरसमज असा की सनस्क्रीन सोडलं की प्रवाळ वाचलं. प्रवाळाचा मोठा शत्रू तापत चाललेलं पाणी आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर क्रीमचा प्रश्नच निम्मा होतो.

‘लाइफ जॅकेट आहे, मग पोहता न आलं तरी चालतं.’ या समजापायी दरवर्षी माणसं जीव गमावतात. जॅकेट तरंगत ठेवतं, पण प्रवाहाविरुद्ध परत आणत नाही आणि पालथ्या माणसाचा श्वास सांभाळत नाही. हवाईमध्ये पर्यटकांच्या बुडण्यात स्नॉर्केलिंगचा वाटा मोठा आहे. तिथल्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट धक्कादायक आहे: अनेकदा झटापट, हाका काहीच होत नाही. नळीतून श्वास ओढताना पडणारा ताण, दमणूक आणि हृदयाचा जुना विकार मिळून माणूस शांतपणे निपचित होतो. म्हणून आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव, सोबत एक जण नजर ठेवून आणि धाप लागल्याचं पहिलं लक्षण दिसताच उताणं होऊन नळी काढणं. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

जेलीफिश डसली तर लघवीचा उपाय सुचवणारा एखादा होडीत असतोच. तो उपाय निरुपयोगी आहे. या समुद्रात आढळणाऱ्या बॉक्स जेलीफिशसाठी व्हिनेगर ओततात, आणि थायलंडच्या अनेक किनाऱ्यांवर त्याच्या बाटल्या खांबाला ठेवलेल्या असतात. चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये, लगेच दवाखाना गाठावा.

बाकी सहलीचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. तुप, मोर आणि काई या बेटांना जोडणारी ‘थाले वेक’ ही वाळूची वाट ओहोटीलाच उघडी पडते. भांगापेक्षा उधाणाच्या दिवसांत ती अधिक ठळक दिसते. ‘क्राबीला बारा महिने ऊन’ हाही समज सोडावा: मे ते ऑक्टोबर तिथे आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. आणि ‘द बीच’ चित्रपटाने गाजलेला माया बे या संध्याकाळच्या सहलीत नसतो, तो फी फी ले बेटावर आहे. गर्दीने प्रवाळ उद्ध्वस्त झाल्यावर जून 2018 मध्ये तो बंद केला गेला, जानेवारी 2022 मध्ये मर्यादित संख्येने उघडला आणि बंद काळात तिथे काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परतले.

हे सगळं पाहायला परदेशीच जावं लागतं, हा शेवटचा समज. 29 चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये देवगडसह कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकल्या, तो नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटचा उजेड. तो दिसला म्हणजे पाणी निरोगी, असंही समजू नये. अरबी समुद्रात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड थर हिवाळ्यात वाढत गेल्याचं आणि त्याचा पाण्यातल्या घटत्या ऑक्सिजनशी संबंध असल्याचं 2014 च्या एका संशोधनाने मांडलं आहे.

यंदा दिवाळीला किनाऱ्यालगतच्या गावी जाणाऱ्यांनी लक्ष्मीपूजनानंतर एकदा दिव्यांपासून दूर, उथळ पाण्याशी जाऊन वीस मिनिटं थांबावं आणि मग पाण्यात हात फिरवावा. भरतीची वेळ आधी गावातल्या कोळ्यांना विचारावी, सोबत कोणी असावं आणि मोबाइल घरी ठेवावा.