शहरातली नदी: आधी नाली, मग काठ, मग बाकडं

आज बचतीचा, कर्जाचा किंवा शेळीपालनाचा विषय नाही. आज आपण शहरातल्या नदीबद्दल बोलणार आहोत. तुमच्यातली एखादी लगेच म्हणेल, "ताई, शहराची नदी शहरवाले बघतील, आपलं काय त्यात?" म्हणून आधी या प्रश्नाचंच उत्तर देतो.

आपला वाशीम जिल्हा घराच्या आढ्यासारखा आहे. आढ्यावर पाऊस पडला की काही पाणी या उताराने जातं, काही त्या उताराने. पूस, अडाण, अरुणावती यांचं पाणी पैनगंगेला मिळतं आणि शेवटी गोदावरीत जातं. काटेपूर्णा मात्र आपल्याच टेकड्यांत उगम पावते आणि उत्तरेला अकोला जिल्ह्यात उतरते. तिच्यावर महान इथं धरण आहे. अकोला शहर या धरणाचं पाणी पितं.

आता या पाण्याचा पुढचा प्रवास बघा. ते नळाने घरात येतं. त्याने भांडी, धुणं, आंघोळ होते. मग ते नालीत जातं, नालीतून नाल्यात आणि नाल्यातून शहराच्या मधून वाहणाऱ्या मोर्णा नदीत. मोर्णा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. म्हणजे आपल्या टेकड्यांवरून निघालेलं चांगलं पाणी शहरातून बाहेर पडताना काळं होऊन निघतं, आणि शहराच्या खालच्या बाजूला जी गावं आहेत त्यांच्या शिवारातून वाहतं. ती आपल्यासारखीच गावं. तिथंही बाया आहेत, गाईगुरं आहेत, विहिरी आहेत. शहराच्या नदीशी आपला संबंध आहे तो असा.

दुसरा संबंध बाजाराचा. आपण तालुक्याला, जिल्ह्याला जातो. कधी बाजार असतो, कधी बँक, कधी दवाखाना, कधी तहसील. काम दुपारपर्यंत आटोपतं आणि गाडी संध्याकाळी असते. मधले तीन तास कुठं बसायचं? हॉटेलात बसलं तर चहा घ्यावा लागतो. दुकानाच्या पायरीवर बसलं तर उठवतात. पुरुष पानटपरीवर, चौकात, कुठंही उभे राहतात. बाईला मात्र विचारलं जातं, "इथं काय करता?" पैसे न देता आणि कोणाला उत्तर न देता बसता येईल अशी जागा शहरात जवळपास नसतेच. नदीचा काठ अशी जागा होऊ शकतो. तो सगळ्यांचा असतो आणि लांबच लांब असतो. तिथं झाडं लागू शकतात. म्हणून नदी सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने, हे आपल्याला कळायला हवं.

यासाठी आपण अकोल्याचंच उदाहरण घेऊ. १ जुलै १९९८ रोजी वाशीम वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपण अकोला जिल्ह्यातच होतो. अकोल्याचं जुनं शहर आणि असदगड किल्ला मोर्णेच्या काठावर आहेत. गाव नदीच्या काठी वसलं ते पाण्यासाठी. पण नळ आले की नदीवरचं येणंजाणं कमी होतं. घरांची तोंडं रस्त्याकडे फिरतात आणि मागचं दार, मोरीचं पाणी, कचरा नदीकडे जातो. बहुतेक शहरांत हेच झालं. मोर्णेतही सांडपाणी साचलं आणि वर जलकुंभी दाटली.

१३ जानेवारी २०१८, शनिवार. त्या दिवशी अकोल्याने मोर्णा साफ करायला घेतली. पहिल्या टप्प्यात चार किलोमीटरचा पट्टा आणि काठावरची चौदा ठिकाणं ठरली. सहा हजारांहून जास्त लोक आणि शंभरावर संस्था उतरल्या. त्यात शाळा-कॉलेजची मुलं होती, म्हातारी माणसं होती, बायाही होत्या. दर शनिवारी सकाळी काम करायचं ठरलं. २८ जानेवारीला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या कामाचा उल्लेख केला. हे काम मोठंच होतं. ज्या नदीकडे लोक पाठ करून राहत होते, तिच्याकडे हजारोंनी तोंड फिरवलं.

पण पुढच्या वर्षांत जलकुंभी पुन्हा आली. का आली? हे आपल्याला व्याजाच्या हिशेबाने नीट कळेल. जलकुंभी चक्रवाढीने वाढते. ऊन, जागा आणि खाणं भरपूर असलं तर ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा सगळी नदी साफ केली आणि एका कोपऱ्यात एकच टोपलीभर जलकुंभी राहिली. दोन आठवड्यांनी दोन टोपल्या, महिन्याभरात चार, दोन महिन्यांत सोळा. सहा महिन्यांत हा हिशेब आठ हजार टोपल्यांच्या वर जातो. आणि तिचं खाणं काय? संडासाचं पाणी, खरकटं, साबण, शेतातून वाहून आलेलं खत. ज्या पाण्याने नदी मरते तेच पाणी जलकुंभी पोसतं. हाताने काढलेली जलकुंभी म्हणजे फेडलेलं व्याज. नदीत येणारी नाली ही मुद्दल. मुद्दल तशीच राहिली तर व्याज दर महिन्याला फेडतच राहावं लागतं.

ही मुद्दल किती आहे तेही मोजू. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी वापरून नालीत जातं, म्हणजे माणशी १०८ लिटर. पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर. आता शहरात किती हजार घरं आहेत याचा विचार करा. हे पाणी फावड्याने थांबत नाही. त्याला नळासारखीच, पण उलट्या दिशेची पाइपलाइन लागते. तिला भुयारी गटार म्हणतात. ती सगळं सांडपाणी गोळा करून शुद्धीकरण केंद्रात नेते. तिथं गाळ खाली बसवतात, हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववतात, आणि मग पाणी नदीत किंवा शेतीला सोडतात. अकोल्यात अमृत योजनेतून हे काम हाती घेतलं गेलं. हे काम जमिनीखाली असतं, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून लोक त्याबद्दल विचारत नाहीत. आपण विचारायचं ते याबद्दलच. म्हणून पहिली पायरी नाली.

दुसरी पायरी काठ. नदीला पावसाळ्यात पाय पसरायला जागा लागते. आपल्या राज्यात पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं, निळी आणि लाल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या जागेत घरं बांधायची नसतात. तिथं बाग, मैदान, शेती चालते. म्हणजे ही जागा मोकळी ठेवायची हा नियमच आहे. २०२१ च्या जुलैत अकोल्यात एका दिवसात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि सखल वस्त्यांत पाणी घुसलं. अशा रात्री नदीकाठची मोकळी जागा पाणी स्वतःवर घेते. बागेत पाणी शिरलं तर चिखल होतो, घरात शिरलं तर संसार जातो.

इथं अहमदाबादचं उदाहरण सांगायला हवं, कारण पुष्कळ शहरांना तसंच करायचं असतं. तिथं साबरमतीच्या दोन्ही काठांना साडेअकरा किलोमीटर सिमेंटची भिंत बांधून फिरायची वाट केली. २०१२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. संध्याकाळी तिथं मुलं खेळतात, बाया निर्धास्त फिरतात, हे चांगलंच आहे. पण शहरातल्या नदीत जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. काठावरच्या हजारो झोपड्यांतली कुटुंबं लांब हलवली गेली. आणि शहराच्या खाली, वासणा बंधाऱ्याच्या पुढे, नदी इतकी घाण होती की २०२१ मध्ये गुजरातच्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणजे काठ देखणा झाला, पण खालच्या गावांच्या वाट्याला आलं ते घाण पाणीच. बाकडं आधी आणि नाली शेवटी असं केलं की हे होतं.

तिसरी पायरी बाकडं. नाली थांबली, काठ मोकळा राहिला, आता तिथं काय असावं? बाग कशी असावी हे आराखडा काढणाऱ्यांना बहुतेक वेळा बाईने सांगितलेलं नसतं. म्हणून आम्ही चार-पाच गोष्टी सांगतो.

तिकीट नको. मुतारी आणि संडास हवा, त्यात पाणी हवं आणि बाजाराच्या दिवशी त्याला कुलूप नको. उंच भिंत नको, आरपार दिसेल असं कुंपण हवं, कारण आडोशाला बाई घाबरते. यायला-जायला दोन वाटा हव्यात आणि अंधार पडायच्या आधी दिवे लागायला हवेत. नदीकाठची आपली झाडं हवीत, अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि सावलीही देतात. आणि जे लोक आधीपासून नदीवर पोट भरतात, परीट, भोई, भाजी विकणाऱ्या बाया, त्यांना उठवून बाग करायची नाही. धुण्याचा घाट आणि भाजीचे ओटे आराखड्यातच यायला हवेत. जिथं दिवसभर काम करणारी माणसं असतात तिथं एकट्या बाईलाही भीती वाटत नाही.

हे काही नवीन नाही. मोर्णा ज्या पूर्णेला मिळते, त्याच पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनला गाडगेबाबांनी घाट बांधला. यात्रेला येणारा गरीब माणूस चिखलात घसरू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. हातात खराटा घेणारा माणूस झाडून थांबला नाही, त्याने पायऱ्या बांधल्या, धर्मशाळा बांधल्या.

ही मागणी करायचा आपल्याला हक्क आहे का? आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जी कामं नगरपालिकांकडे येतात त्यांत उद्यानं, बागा, मैदानं आहेत आणि सांडपाणीही आहे. आपल्या राज्यात या संस्थांत निम्म्या जागा बायांच्या आहेत. नगरसेविकेला भेटायला मतदार असणं गरजेचं नाही. बाजाराला येणारी बाईसुद्धा त्या शहराला रोजगार देते. वाशीम शहराच्या मधून मोर्णेसारखी नदी वाहत नाही, पण पद्मतीर्थ आहे, देव तलाव आहे. नाली, काठ आणि बाकडं हाच क्रम तलावालाही लागू आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. जलजीवन मिशनमध्ये गावाला माणशी ५५ लिटर पाणी धरलं आहे. वरचाच हिशेब लावला तर पाच माणसांच्या घरातून रोज २२० लिटर सांडपाणी निघतं. नळ येतो तेव्हा हार घालून स्वागत होतं, पण वापरलेलं पाणी कुठं जाणार हे कोणी विचारत नाही. ते गावच्या नाल्यात जातं. आज शहराची नदी जशी दिसते, तसा दहा वर्षांनी आपला नाला दिसू शकतो.

त्यावर उपाय शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले आणि उघड्या नाल्या बंद केल्या. डास कमी झाले. पद्धत सोपी आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. खरकटं आणि तेलकट गाळ आत जाऊ नये म्हणून आधी जाळी. आपल्याकडे एक अडचण आहे. काळी माती पाणी शोषत नाही, म्हणून खड्डा मुरुम लागेपर्यंत न्यावा लागतो. विहीर आणि हातपंपापासून तो लांब घ्यायचा. संडासाचं पाणी त्यात कधीच सोडायचं नाही. हे काम रोजगार हमीत बसतं. वित्त आयोगाच्या बंधित निधीतला वाटाही स्वच्छतेसाठीच असतो.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं ठराव मांडा आणि तो गावच्या विकास आराखड्यात लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा आणि तीन प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या मोरीचं पाणी कुठं जाऊन थांबतं? आपल्या नाल्याच्या खाली कोणतं गाव आहे? आणि तालुक्याला गेल्यावर आपण कुठं बसतो? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. ग्रामसंघाच्या बैठकीला ती वही घेऊन या, तिथून पुढे नगरपालिकेत आपण मिळून जाऊ.