कारंजाचे शांत स्टेशन

धनजच्या माणसाचे तालुक्याचे गाव कारंजा. त्या कारंजाला एके काळी आगगाडी येत असे, हे आज तरुणांना सांगावे लागते. आता तेथे घंटा नाही, शिटी नाही. ही शांतता का आली, याचा थोडा विचार करू.

या स्टेशनाचे मूळ शोधू गेल्यास ते दूर अमेरिकेत सापडते. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले. मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोचली. मूर्तिजापूर त्या हमरस्त्यावर आले. परंतु कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा कपाशीचा मुलूख बाजूलाच राहिला.

मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या पुढाकाराने ती उणीव भरून निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग झाला. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, गाड्या चालवायच्या जी. आय. पी. ने. हीच लोकांची लाडकी 'शकुंतला'. तिचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले! कापूस तिकडे जाई, इंजिन तिकडून येई.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या मार्गाचे रूळ साडेपाच फूट अंतराचे, शकुंतलेचे अवघे अडीच फुटांचे. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते, भराव थोडा लागतो, पूल हलके चालतात. म्हणून खर्च कमी. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली. कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. बैलगाडीशी तुलना होती तोवर हे चालून गेले. मालमोटार आली, तेव्हा जिनिंगच्या दारात भरलेला माल थेट गिरणीच्या दारात उतरू लागला. माल गेला आणि मार्गाचा कणाच मोडला.

१९५१ साली जी. आय. पी. मध्य रेल्वेत विलीन झाली, तरी हा मार्ग खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. मालक एक आणि चालक दुसरा, तेव्हा सुधारणेला पैसा कोणी घालावा? वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल आले. आणि गेल्या काही वर्षांत गाडीच थांबली.

कापूस गेला, पण माणसे उरली आहेत. मूर्तिजापूरला मोठी गाडी गाठणारा विद्यार्थी, दवाखान्यास निघालेली म्हातारी, बाजारास जाणारा लहान शेतकरी, यांना स्वस्त तिकीट हवेच आहे. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. तो मुख्यतः मोटारी आणि मालमोटारींचा. शकुंतला रुंद व्हावी ही मागणी म्हणूनच केवळ जुन्या आठवणींची नव्हे. पहिला मार्ग गाठींसाठी आखला गेला. दुसरा आखताना आधी प्रवासी मोजावेत, एवढेच या भागाचे मागणे आहे.