संधिज्वर व तज्जन्य हृद्रोग

‘अ’ गटातील रक्तविलयी स्ट्रेप्टोकॉकाय या जंतूंचे घशाला संक्रामण झाल्यानंतर साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी उद्‌भवणाऱ्या दाहयुक्त विकाराला संधिज्वर म्हणतात. नावावरून हा सांध्यांचा रोग वाटतो. परंतु सांधे बहुधा पूर्ववत होतात, कायमची हानी होते ती हृदयाची. ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत व दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांत तो अधिक आढळतो.

जंतू स्वतः हृदयात शिरत नाहीत. त्यांच्याविरुद्ध शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे व प्रतिरक्षा कोशिका, जंतूंतील प्रथिनांशी साम्य असलेल्या हृदयाच्या ऊतकांवरही आघात करतात. ताप येतो, गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. काही मुलांत हातापायांच्या अनैच्छिक हालचाली (कोरिया) कित्येक महिन्यांनी दिसतात. अशा वेळी मूल खोडकर झाले, अक्षर बिघडले म्हणून शिक्षा झाल्याचीही उदाहरणे आहेत. निदानासाठी डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये मांडलेले निकष वापरतात. २०१५ च्या सुधारणेनंतर त्यांत श्राव्यातीत ध्वनीने केलेल्या हृदयतपासणीला स्थान मिळाले.

द्विदल झडप सर्वाधिक बाधित होते. प्रथम ती नीट मिटत नाही. पुढे तिची दले एकमेकांस चिकटून मार्ग अरुंद होतो, फुप्फुसांत रक्त तुंबते व धाप लागते. अनेक स्त्रियांत हा दोष गर्भारपणीच प्रथम उघडकीस येतो. पाश्चात्त्य देशांत अशा अरुंदतेस अनेक वर्षे लागत. भारतात ती किशोरवयातच आढळते, याकडे एस. बी. रॉय व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये लक्ष वेधले. फुग्याने झडप रुंदावता येते किंवा कृत्रिम झडप बसविता येते.

प्रतिबंध मात्र पेनिसिलिनाने साधतो. पवनाकाठच्या सांगवीपासून जवळच, पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू केल्यास संधिज्वर बहुधा टळतो. एकदा झटका आलेल्यास बेंझाथीन पेनिसिलिनाची सुई दर तीन ते चार आठवड्यांनी निदान पाच वर्षे, झडप बिघडली असल्यास दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत घ्यावी लागते. खरी अडचण येथेच आहे. मूल खेळू-बागडू लागले की दुखरी सुई कशाला, असे आईवडिलांना वाटते. कामधंद्यासाठी बिऱ्हाड हलले की सुईची तारीख चुकते. प्रत्येक नवा झटका झडपेची हानी वाढवितो, म्हणून बिऱ्हाड हलविताना सुयांची नोंदपत्रिका बरोबर न्यावी व नव्या ठिकाणच्या डॉक्टरांस दाखवावी. पेनिसिलीन न सोसणाऱ्यांस एरिथ्रोमायसीन देतात.