शिकायचं तर जी-कोडपासून

थेरगावहून भोसरी एमआयडीसीत गेलं की संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या पडद्यावर जी-कोडची, म्हणजे तिच्या हुकमांच्या भाषेची, अशी ओळ दिसते: 'जी०१ एक्स५० एफ२००'. म्हणजे एक्स ५० पर्यंत सरळ रेषेत जा, मिनिटाला २०० मिलिमीटर वेगाने. लेक्सर (मजकुराचे तुकडे पाडणारा) आणि पार्सर (तुकड्यांची रचना तपासणारा) शिकायला याहून सोपा धडा नाही. नवशिका ही ओळ मोकळ्या जागांवर तोडतो आणि तिथेच फसतो. कारण 'जी०१एक्स५०एफ२००' असं चिकटून लिहिलेलंही बहुतेक मशीन बिनतक्रार घेतात. तोडायचं ते नियमाने: अक्षर वेगळं, आकडा वेगळा. हा नियम 'फ्लेक्स'ला दिला की तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा प्रोग्राम तो स्वतःच लिहून देतो. कोणत्या तुकड्यामागे कोणता चालेल, ते 'बायसन'ला सांगायचं. दोघांचे पूर्वज, लेक्स आणि याक, १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये जन्मले.

यावर कुणी म्हणेल, जीसीसी या कम्पायलरनेच सी आणि सी प्लस प्लससाठी बायसन सोडून हाताने लिहिलेला पार्सर घेतला, मग आपण कशाला? आक्षेप खरा, पण तो मुरलेल्यांचा. व्याकरणात एकाच ओळीचे दोन अर्थ लागत असतील, तर बायसन प्रोग्राम चालवण्याआधीच 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून ओरडतो. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये ती चूक गुपचूप बसून राहते. पहिल्या दिवशी अक्षर, आकडा आणि ओळीचा शेवट, एवढ्या तीनच टोकनांचं व्याकरण लिहून बघा.