पाण्याचा जिना

होडी डोंगर चढते असे कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पाणी उताराकडे धावते आणि होडी पाण्याबरोबर, एवढे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही कळते. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी. त्या कपाटातच आम्हाला फ्रान्सचे कालवे भेटले, आणि होडी खरोखरच डोंगर चढते हे उमगले. ती कशी चढते आणि त्यासाठी कोणाचे हात राबले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरातून आपण एक होडी घेऊन निघालो आहोत असे समजू या. हा 'कनाल द्यु मिदी', लांबी २४० किलोमीटर. तुलूझहून गारोन नदी अटलांटिक महासागराला मिळते. हा कालवा उलट दिशेने भूमध्य समुद्राकडे जातो. म्हणजे स्पेनला वळसा न घालता एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाता यावे, असा हा बेत. वाटेत मात्र नोरूझची खिंड आडवी येते. तिची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर.

ही चढण चढावयाची ती जिन्याने. जिन्याची पायरी म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक दगडी हौद. इंग्रजीत त्याला 'लॉक' म्हणतात. होडी खालच्या दरवाजाने आत शिरते. तो दरवाजा मिटतो. मग वरच्या दरवाजातील झडपा उघडतात, वरचे पाणी आत येते आणि पाण्याबरोबर होडीही उचलली जाते. आतले पाणी वरच्या पाण्याच्या बरोबरीला आले की वरचा दरवाजा उघडावयाचा आणि पुढे निघावयाचे. पंप नाही, इंजिन नाही. उतरताना हेच सारे उलट. असे साठाहून अधिक थांबे या कालव्यावर आहेत. बेझिए गावाजवळ फोंसेरान येथे तर एकाला लागून एक हौद बांधून अखंड जिनाच केला आहे. बहुतेक हौदांच्या भिंती सरळ नसून बाहेर फुगलेल्या आहेत. सरळ भिंत बाजूच्या मातीच्या रेट्याने ढासळली, म्हणून आडवी कमान केली. चुकीतून शिकलेला हा धडा होय.

पण येथे एक पेच आहे. प्रत्येक होडीमागे एक हौदभर पाणी वरून खाली जाते. १८७९ च्या कायद्याने फ्रान्सने हौदांचे एक माप ठरविले: लांबी सुमारे ३९ मीटर, रुंदी ५.२० मीटर. अशा हौदात होडी अडीच मीटर उचलावयाची, तर पाच लाख लिटर पाणी लागते. मग डोंगरमाथ्यावर पाणी आणावयाचे कोठून?

याचे उत्तर पिएर-पॉल रिके याने दिले. तो स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हता. मिठावरील कर वसूल करणारा मक्तेदार होता. त्याने 'काळ्या डोंगरा'वरील ओढे अडविले, सॅं-फेरेओलचे धरण बांधले आणि पाटाने ते पाणी नोरूझला आणले. तेथून ते दोन्ही समुद्रांकडे वाटले जाते. १६६६ साली राजा चौदाव्या लुईने परवानगी दिली; १६८१ साली कालवा खुला झाला. रिके त्याआधीच, १६८० साली, कर्ज मागे ठेवून वारला.

भराच्या काळात या कामावर सुमारे १२,००० माणसे होती. डोक्यावरून माती वाहणाऱ्या स्त्रियाही त्यांत पुष्कळ होत्या. रिकेने महिन्याचा पगार बांधून दिला. पावसाचा दिवस, रविवार आणि आजारपण यांचेही पैसे कापले जात नसत. हा दयेचा व्यवहार नव्हता. सुगी आली की मजूर शेतावर पळत, त्यांना धरून ठेवणे भाग होते. ज्याच्यावाचून काम अडते, त्याला मालक पावसातही पैसे देतो, ही गोष्ट आम्हा चळवळीतल्या लोकांना नवी नाही.

पुढे या जलमार्गांवर नावाड्यांची कुटुंबेच्या कुटुंबे जन्म काढू लागली. होडी हेच घर. प्रारंभी माणसे व घोडी काठावरून दोर ओढीत. नवरा आणि बायको दोघेही पट्टा अंगावर घेत. मुले शिकावयाची तर त्यांना वसतिगृहात ठेवावे लागे. मालाच्या भाड्यावरून या गरीब नावाड्यांना एकमेकांशी झुंजविणे सोपे होते. म्हणून १९३० नंतरच्या मंदीच्या काळात 'पाळी'ची पद्धत आली: जो आधी रिकामा झाला त्याचे नाव फळ्यावर आधी, आणि माल निवडण्याचा हक्कही त्याचाच आधी. व्यापाऱ्यांची तक्रार असे की आम्हाला आमचा नावाडी निवडता येत नाही. ती अगदीच खोटी नव्हती. युरोपीय संघाच्या निर्णयाने २००० सालापासून ही पाळी बंद झाली. भाव मोकळा झाला; लहान नावाडी मात्र मोठ्या गिऱ्हाइकापुढे एकटा उभा राहिला.

आज मिदीवर मालाच्या होड्या नाहीत. हौशी प्रवासी आहेत. परवान्याशिवाय होडी भाड्याने मिळते, वेग तासाला आठ किलोमीटरच्या आत ठेवावयाचा. १९९६ साली युनेस्कोने हा कालवा जागतिक वारशात घेतला. काठावरच्या चिनार जातीच्या वृक्षांना २००६ पासून बुरशीचा रोग लागला असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत. दरवाजे पुष्कळ ठिकाणी विजेने चालतात.

आपल्यापैकी कोणी कधी तेथे गेलाच, तर सावली आणि द्राक्षांचे मळे जरूर पाहावेत. पण होडी हौदात वर उचलली जात असताना बाजूच्या दगडांकडेही क्षणभर पाहावे. रिकेचा पुतळा बेझिएला आहे. ज्यांनी ते दगड बसविले आणि ती माती वाहिली, त्यांचा पुतळा नाही. पण त्यांच्याच कामावर होडी अजून डोंगर चढते आहे.