सारंगखेड्याच्या घोड्यांची आगाऊ वर्दी

तापीकाठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी जनावरे राजस्थान, गुजरात, पंजाबपासून येतात. सौदे होतात, चाली पारखल्या जातात, शर्यती लागतात. पूर्वी याची वर्दी हस्तपत्रकांनी आणि वाटसरूंच्या तोंडून पसरे. आज ती मोबाइलवरून जाते. घोडा शहादे तालुक्यात उतरण्याआधीच त्याची रेवाल चाल दूरच्या गिऱ्हाइकाने चित्रफितीत पाहिलेली असते.

यात सोय आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु जाहिरात करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यात्रा दत्तजयंतीस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, सुरू होते. इंग्रजी तारीख दरसाल सरकते. २०२३ साली ती २६ डिसेंबरला होती, २०२४ साली १४ ला, २०२५ साली ४ ला. भिंतीवरचे पत्रक पावसात गळून पडते. मोबाइलवरचे गेल्या सालचे पत्रक मात्र ताजेच दिसते आणि हातोहात फिरते. त्यावर विसंबून शेकडो मैलांवरून मालमोटारीत घोडा घालून कोणी दहा दिवस उशिरा पोचला, तर भाडे आणि दाणावैरण कोणी सोसावी? पत्रकावर तिथी, तारीख आणि साल ही तिन्ही ठसठशीत हवीत.

चित्रफितीसही साल नसते. शिवाय चाल दिसते, दात दिसत नाहीत. आणि घोड्याचे वय ओळखायचे ते दातांवरून. पाच वर्षांच्या सुमारास कायमचे दात पुरे येतात. देवमणाचे कौतुक शंभरदा सांगणारे वयाबद्दल मौन पाळतात, ही जुनीच रीत! चित्रफितीत जबडा उघडून दाखवावा, ती कधी घेतली ते सांगावे, बयाणा त्यानंतर.